बाळंतपणानंतरचे टाके: अंगावर काढू नका, या चुका टाळा

पहिल्या डिलिव्हरीनंतर टाक्यांबद्दल मला कोणी काही सांगितलं असेल तर ते एकच, "आपोआप विरघळतात, काळजी करू नकोस." विरघळतात हे खरं आहे, पण मधले तीन-चार आठवडे बसायचं कसं, शी करायची कशी, किती दुखलं तर ठीक आणि कधी डॉक्टरांना फोन करायचा हे कोणी सांगत नाही आणि आपल्याला विचारायची लाज वाटते कारण जागाच तशी. मग आपण अंगावर काढतो. मी काढलं आणि त्यापायी पंधरा दिवस उगाच जास्त सोसलं, म्हणून हे लिहितेय. हे सगळं नॉर्मल डिलिव्हरीत खाली पडणाऱ्या टाक्यांबद्दल आहे बरं का, सिझरच्या टाक्यांची काळजी वेगळी असते.

आणि आधी हे डोक्यातून काढून टाका की तुम्ही नीट जोर लावला नाही म्हणून फाटलं. पहिल्यांदा नॉर्मल डिलिव्हरी होणाऱ्या दर १० पैकी ९ जणींपर्यंत खाली थोडंफार खरचटतं, फाटतं किंवा छेद घ्यावा लागतो. यात तुमचा काही दोष नाही.

"किती टाके पडले?" एवढंच विचारून थांबणं

भेटायला येणारं प्रत्येक जण हेच विचारतं, आणि आपणही डॉक्टरांना हेच विचारतो. पण या आकड्याला फारसा अर्थ नाही, कारण बऱ्याचदा एकच दोरा आतून बाहेरपर्यंत सलग फिरवत शिवतात, त्यात मोजायला सुटे टाके नसतातच. विचारायचं ते हे की जखम किती खोल होती. फक्त कातडी फाटली असेल तर पहिली डिग्री, आतले स्नायू फाटले तर दुसरी, गुदद्वार आवळून धरणारा स्नायू फाटला तर तिसरी आणि त्याच्याही आत आतड्याच्या अस्तरापर्यंत गेलं तर चौथी. डॉक्टरांनी मुद्दाम छेद घेतला असेल तर तो साधारण दुसऱ्या डिग्रीसारखा, कातडी आणि स्नायू दोन्ही. तिसरी-चौथी डिग्री कमी जणींना होते, पण झाली असेल तर अँटिबायोटिक, शी मऊ ठेवायचं औषध, फॉलोअप सगळंच बदलतं, त्यामुळे आपली कुठली होती हे आपल्याला माहीत असायलाच हवं.

टाके घालताना दुखत असेल तर तिथेच बोला. मी बोलले नाही. बाळ झालं होतं, सगळे खूश होते, मला वाटलं एवढं तर सहन करायलाच हवं, आणि प्रत्येक टाक्याला मी बेडची कड घट्ट धरून पडून राहिले. दुसऱ्या वेळी मी सरळ म्हटलं, "डॉक्टर, मला टोचलेलं कळतंय", त्यांनी हात थांबवला, बधिर करायचं इंजेक्शन अजून थोडं दिलं, दोन-तीन मिनिटं थांबले आणि मग पुढचं मला नुसतं ओढल्यासारखं जाणवत होतं. एवढंच करायचं होतं पहिल्या वेळीही. आणखी एक, टाके घालायच्या आधी किंवा नंतर डॉक्टर गुदद्वारात बोट घालून तपासतात, त्याने घाबरू नका, आतला स्नायू शाबूत आहे ना आणि टाका आतड्यात तर गेला नाही ना हे कळायला ती तपासणी गरजेचीच असते.

दुखणं असह्य झालं की मग गोळी

पहिले तीन-चार दिवस सूज असते, ठणका असतो, कूस बदलतानासुद्धा ओढ लागते. यात बहुतेक जणी गोळी टाळतात, दुधातून बाळाला जाईल म्हणून. पॅरासिटामॉल दूध पाजताना चालतं, आयब्युप्रोफेनही बहुतेकींना चालतं (अल्सर, दमा, किडनीचा त्रास किंवा वाढलेलं बीपी असेल तर मात्र विचारूनच). आणि ती लिहून दिलेल्या वेळेला घ्या, ठणका डोक्यात गेल्यावर घेतलेली गोळी लवकर पुरी पडत नाही.

बर्फाचा शेक पहिल्या एक-दोन दिवसांत खूप बरा वाटतो, पण थेट कातडीला लावायचा नाही, स्वच्छ मऊ कपड्यात गुंडाळून १० मिनिटं आणि मग काढायचा. बधिर जागेला बर्फ भाजतोय हे कळत नाही म्हणून हे सांगतेय.

बसायला मधे भोक असलेली रबरी रिंग घेऊ नका असं मला वाटतं. बरं वाटतं बसायला, पण कडेने दाब येतो आणि मधली जागा खाली लोंबून टाक्यांवर ताण येऊ शकतो. त्यापेक्षा साधी मऊ उशी घ्या, आणि शक्य तेवढं कुशीवर पडून दूध पाजा. मी पहिले दहा दिवस ताठ बसून पाजलं, एकेका वेळेला पाऊण तास, आणि संध्याकाळपर्यंत खाली एवढं जड व्हायचं की उठताना दोन्ही हातांनी आधार घ्यायला लागायचा. कुशीवर पाजायला सिस्टरनी शिकवलं त्या दिवसापासून फरक पडला.

शू आणि शी धरून ठेवणं

याची भीती सगळ्यात मोठी असते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शू करताना आग होते कारण लघवी थेट कच्च्या जखमेवर जाते. आग होते म्हणून आपण पाणी कमी पितो, कमी प्यायलं की लघवी जास्त पिवळी आणि गडद होते आणि मग अजूनच आग होते. उलट करा, भरपूर पाणी प्या, आणि शू करता करताच एका मगाने किंवा बाटलीने कोमट पाणी खाली ओतत राहा, मी तर पुढे वाकून शू करायचे, तेवढीच धार जखमेला कमी लागते. झालं की पुढून मागे टिपून घ्यायचं, घासायचं नाही. आणि डिलिव्हरीनंतर ६ तास झाले तरी शू झालीच नसेल तर वाट बघत बसू नका, सांगा.

शीचं तर विचारूच नका. दोन-तीन दिवस होत नाही, त्यात लोहाच्या गोळ्या चालू असतात त्याने अजून कडक होते, आणि टाके तुटतील या भीतीने आलेली शी आपण परत वर ओढतो. माझं पाचव्या दिवसापर्यंत तेच चाललं होतं. जितकं धरून ठेवाल तितकी ती सुकून दगड होते आणि खरा ताण तेव्हा पडतो. साध्या मऊ शीने टाके तुटत नाहीत. हे मला कोणीतरी पहिल्याच दिवशी ठामपणे सांगायला हवं होतं. लॅक्च्युलोजसारखं शी मऊ करणारं औषध डॉक्टरांकडून पहिल्या दिवसापासून मागून घ्या, चौथ्या दिवशी अडकल्यावर नाही. बसताना पायाखाली छोटं स्टूल घ्या म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात, एक स्वच्छ पॅड हातात धरून टाक्यांवर पुढून हलका दाब द्या आणि श्वास कोंडून जोर लावण्याऐवजी तोंडाने हळूहळू श्वास सोडा. तो पॅडचा आधार म्हणजे माझ्यासाठी जादू होती अगदी, खालचं सगळं बाहेर पडेल असं जे वाटतं ना ते वाटायचं थांबतं.

जास्तीची स्वच्छता

स्वच्छता हवीच, पण आंघोळीच्या पाण्यात अँटिसेप्टिक ओतणं, जखमेला साबण चोळणं, पावडर, सुवासिक वाइप्स, कोणी सुचवलेलं मलम, यातलं काहीही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. कातडी कोरडी पडते, चुरचुरते, आणि मग जखम चिघळलीय की औषधाने आग होतेय हेच कळत नाही. साधं कोमट पाणी पुरतं. नंतर मऊ कपड्याने टिपा. पॅड भरलं नसलं तरी तीन-चार तासांनी बदला कारण ओलसर राहिलं की जखम भरत नाही, हात आधी आणि नंतर दोन्ही वेळेला धुवा, टॅम्पॉन किंवा पाळीचा कप सहा आठवडे तरी नाही. दिवसातून एकदा-दोनदा दार लावून, खाली जुना टॉवेल टाकून, पॅड काढून दहा मिनिटं नुसतं पडून राहा, हवा लागू द्या.

बघायचंच नाही असं ठरवणं

मला कळतं की बघवत नाही. पण एकदा छोटा आरसा घेऊन बघा, चार-पाच दिवसांनी सूज उतरल्यावर. नाहीतर उद्या काही वेगळं वाटलं तर आधी कसं होतं हेच तुम्हाला माहीत नसेल. मी बघितलं नव्हतं, आणि बाराव्या दिवशी पॅडवर पांढरट दोऱ्याचा नखाएवढा तुकडा दिसला, मधे बारीकशी गाठ, आणि मी अक्षरशः रडायला लागले की टाका तुटला आता सगळं उसवणार. फोन केला तर सिस्टर म्हणाल्या, "अहो तो विरघळून पडलाय, पडायचाच असतो." गाठी साधारण पहिल्या एक ते चार आठवड्यांत अशा गळतात, आतला दोरा पूर्ण जिरायला अजून थोडे आठवडे लागतात. तुकडा दिसला पण दुखणं वाढलं नाही, रक्त वाढलं नाही, वास नाही, तर टेन्शन घेऊ नका. फक्त लोंबणारं टोक स्वतः ओढू किंवा कापू नका.

दुसऱ्या आठवड्यात खाज सुटते. ती बहुतेक वेळा जखम भरत असल्याची असते. खाजेबरोबर लाली किंवा डिस्चार्ज असेल तर मात्र दाखवा.

यातलं काही असेल तर थांबू नका

एक साधी गोष्ट लक्षात ठेवा, दुखणं रोज थोडं थोडं कमी होत गेलं पाहिजे. कमी होऊन परत वाढलं तर काहीतरी बिनसलंय.

डिलिव्हरीनंतर पहिल्या काही तासांतच एका बाजूला प्रचंड दुखायला लागलं, गोळीने अजिबात फरक नाही, शीच्या जागेवर आतून दाब येतोय, सूज वाढतेय, तर आत रक्त साठलेलं असू शकतं, त्याच क्षणी सांगा, रात्रीचे तीन वाजले असले तरी. नंतरच्या दिवसांत ताप ३८ डिग्री सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर, घाण वास, पू, जखमेभोवती लाली आणि गरमपणा ही इन्फेक्शनची लक्षणं. तासाभरात अख्खं पॅड भिजत असेल किंवा मोठ्या गाठी पडत असतील तर थेट हॉस्पिटल.

टाके उसवले, म्हणजे जखम उघडी दिसते, तर लगेच परत शिवतील असं नाही. बरेचदा इन्फेक्शन असेल तर अँटिबायोटिक देऊन जखम आतून बाहेर आपोआप भरू देतात, त्याला काही आठवडे लागतात. हे ऐकून मैत्रिणीला वाटलं की डॉक्टर टाळाटाळ करतायत, तसं नसतं, पण तपासून घेणं आवश्यकच आहे.

आणि गॅस किंवा शी कंट्रोल होत नसेल, नकळत निघून जात असेल, तर "बाळंतपणानंतर होतं असं" म्हणून सोडून देऊ नका. याच्याबद्दल बायका वर्षानुवर्षं कोणाला सांगत नाहीत, आणि याच्यावर उपचार आहेत, म्हणून मला हे फार कळकळीने लिहावंसं वाटतं.

व्यायामाची भीती आणि सहा आठवड्यांची घाई

खालचे स्नायू आवळायचे, म्हणजे गॅस आणि शू एकदमच अडवतोय असं करायचं, हा व्यायाम टाक्यांना धोका नाही, उलट तिथे रक्तपुरवठा वाढून सूज उतरायला मदत होते. दुखत नसेल तेवढं हलकं हलकं एक-दोन दिवसांतच सुरू करता येतं. कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर तो निघाल्यावर. वजन मात्र बाळापेक्षा जास्त उचलू नका.

दुसरं टोक म्हणजे सहा आठवडे झाले की सगळं पहिल्यासारखं व्हायलाच हवं असं मानणं. बहुतेक जखमा तोवर भरतात, पण संबंध ठेवायची तारीख कॅलेंडर ठरवत नाही. तुम्हाला नको वाटतंय तर नको, नवऱ्याला स्पष्ट सांगा. दूध पाजताना इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी असल्यामुळे आत कोरडेपणा असतो, त्याला वॉटर-बेस्ड ल्युब्रिकंट (ओलावा देणारं जेल) वापरा आणि सावकाश घ्या. दोन-तीन महिने होऊनही दुखत असेल, किंवा टाक्यांच्या जागी लालसर मऊ गाठीसारखं येऊन हात लागला की रक्त येत असेल तर दाखवा, जखम भरताना कधीकधी जादा मांस येतं, त्यावर ओपीडीतच औषध लावून ते घालवता येतं.

हॉस्पिटलमधून निघताना डिस्चार्ज कार्ड नीट वाचा, टाक्यांची डिग्री किंवा छेद घेतला का हे लिहिलंय का बघा. नसेल तर लिहून मागा आणि फोटो काढून ठेवा. माझ्या पहिल्या कार्डावर फक्त "टाके घातले" एवढंच होतं, आणि दुसऱ्या गरोदरपणात डॉक्टरांनी मागच्या वेळी किती फाटलं होतं विचारलं तेव्हा माझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं.