साबणीकरण अंकावरून कॉस्टिक सोड्याचं वजन कसं काढावं

‘अर्धा लिटर तेलाला इतके चमचे कॉस्टिक’ असं सांगणाऱ्या साबणाच्या कृतीवर विश्वास ठेवू नका. किती कॉस्टिक लागेल हे तेलावर ठरतं, आणि ते कळतं साबणीकरण अंकावरून. एक ग्रॅम तेलाचा पूर्ण साबण व्हायला जितके मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक पोटॅश लागतं, तो त्या तेलाचा अंक. खोबरेल २४८ ते २६५, शेंगदाणा तेल १८७ ते १९६, एरंडेल १७६ ते १८७. खोबरेलात १२ कार्बनचं लॉरिक आम्ल सर्वांत जास्त असतं. रेणू लहान, म्हणून ग्रॅमामागे त्यांची संख्या जास्त, आणि तेलातल्या अशा दर मेदाम्लामागे अल्कलीचा, म्हणजे कॉस्टिकचा, एक रेणू खर्च होतो.

तेल तोलून घ्या. मापात घेऊ नका: ५०० मिली खोबरेल भरतं जेमतेम ४६० ग्रॅम.

आता खरी अडचण. अंक पोटॅशचा असतो आणि वडीचा साबण होतो कॉस्टिक सोड्याने, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडने (पुढे नुसतं ‘सोडा’). अंक तसाच वापरला तर ५०० ग्रॅम खोबरेलाला साडे-एक्क्याण्णवऐवजी १२८ ग्रॅम सोडा पडतो आणि तो साबण कातडी भाजतो. सोड्याचा रेणूभार ४०, पोटॅशचा ५६.१, म्हणून अंकाला ०.७१३ ने गुणा. खोबरेलाचा मधला अंक २५७ धरला तर २५७ × ०.७१३ = ग्रॅमामागे १८३ मिलिग्रॅम, म्हणजे ५०० ग्रॅमला ९१.६ ग्रॅम.

यातून ५ टक्के कापाच: ८७ ग्रॅम. ही काटछाट हौसेची नव्हे. तुमच्या डब्यातल्या खोबरेलाचा अंक २४८ असला तर त्याला ८८.४ ग्रॅमच पचतात; पूर्ण ९१.६ घातले तर तीन ग्रॅम सोडा वडीत मोकळा राहील. ८७ ग्रॅम घेतल्यावर तेल थोडं उरतं, सोडा उरत नाही. सोड्याची शुद्धता ९८ टक्के असेल तर ८७ ला ०.९८ ने भागा, ८९ ग्रॅम येतात. डबा उघडा राहिला असेल तर हे गणितही फसतं, कारण सोडा हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढतो. तयार होणारा कार्बोनेट तेलाचा साबण करत नाही. ताजाच डबा फोडा.

तेलं मिसळायची असतील तर प्रत्येकाचा सोडा वेगळा काढून बेरीज करा. अंकांची नुसती सरासरी चुकीची ठरते, कारण तेलं क्वचितच समभाग असतात.

पुढचं सोपं आहे. चष्मा, हातमोजे घालून १८० ग्रॅम पाण्यात सोडा थोडा थोडा टाका. सोड्यावर पाणी ओतलं तर ते उसळून अंगावर येतं. भांडं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमचं मुळीच नको: सोडा ते खातो आणि हायड्रोजन सुटतो. द्रावण व तेल ४० अंशांच्या आसपास आल्यावर एकत्र करून दाटेपर्यंत घुसळा, साच्यात ओता. निव्वळ खोबरेलाची वडी त्याच दिवशी, मऊ असतानाच कापा. दुसऱ्या दिवशी ती सुरीखाली तडकते. वापरण्याआधी चार ते सहा आठवडे सुकवा.