एसी बसवायचाय? घरमालकाचं आधी लेखी घ्या

छत्रपती संभाजीनगरात एप्रिल तापला की भाडेकरू एसीचं काढतो अन् मालक म्हणतो, "भिंत फोडू नका." महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १६ बघा. मालकाच्या लेखी संमतीविना कायमस्वरूपी बांधकाम केलं, तर घर खाली करायची वेळ येऊ शकते. पण एसी, स्वयंपाकाचा ओटा, लाकडी पार्टिशन, हवेसाठी खिडकी, धुराची चिमणी हे त्या बांधकामात धरत नाहीत. लागेल तिथं महापालिकेची परवानगी मात्र हवी.

अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे भाडेहक्क नाही, ठरावीक मुदतीसाठी घर वापरायची नुसती परवानगी) असेल तर गोष्ट वेगळी, तिथं करारातल्या अटी आधी वाचा. कायद्यात एसीला सूट असली तरी मालकाच्या तोंडी "करा की" यावर विसंबू नका. मालक भला असतो, पण पुढं व्यवहार त्याच्या मुलाशी पडतो. साध्या कागदावर दोन ओळी अन् सही घ्या.