हप्ता थकलाय? तोंड लपवताना होणाऱ्या या चुका टाळा

आमच्या टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये बँकेची चार पाकिटं न फोडता पडून होती. पगार दोन महिने अडकला होता, पर्सनल लोनचे हप्ते बाउन्स होत होते. पाकीट फोडायचं धाडस होत नव्हतं. वीजबिल शोधताना चौथं पाकीट बायकोच्या हाती लागलं.

पत्र न उघडणं, फोन सायलेंटवर टाकणं ही पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. आपण गप्प बसलो तरी बँकेकडे दिवस मोजले जातच असतात. ९० दिवसांच्या वर थकबाकी गेली की खातं एनपीए, म्हणजे बुडीत जाण्याच्या बेतातलं कर्ज, ठरतं. मुदत वाढवून हप्ता कमी करा, असं सांगायला त्याआधी गेलेलं बरं. घरकर्जात पुढे सरफेसी कायद्याखाली (कोर्टात न जाता तारण ताब्यात घेण्याचा बँकांसाठीचा कायदा) ६० दिवसांची नोटीस येते. तिला लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं, पण त्यासाठी पाकीट फोडायला हवं.

क्रेडिट कार्डाचा ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली कमीत कमी रक्कम, भरला की सुटलो, हेही पळ काढणंच. समजा ५०,००० रुपये थकलेत आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे. व्याज १,७५०, त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५. तुम्ही २,५०० भरलेत तर मुद्दलातून उतरले फक्त ४३५. शिवाय नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. हा हिशेब एकदा कागदावर मांडाच. एक कर्ज फेडायला ॲपवरून दुसरं उचलू नका, एवढं सांगून पुढे जातो.

वसुलीवाल्यांच्या भीतीने नंबर बदलणारे मी पाहिलेत. नंबर बदलू नका, नियम माहीत करून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार थकबाकीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांसमोर अपमान यालाही मनाई आहे. तसं झालं तर तारीख-वेळ लिहून ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. चौकशीसाठी क्रमांक १४४४८.

माझी खरी चूक मात्र घरात लपवण्याची होती. जेवताना फोन वाजला की मी उठून गॅलरीत जायचो, आणि ‘ऑफिसचा होता’ म्हणायचो. बायकोला कळलं तेव्हा ती पैशांवरून रागावली नाही, खोटं बोलल्यावरून रडली. मग तिनेच वही काढली आणि महिन्याचा खर्च ओळीने लिहिला. तुमची झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर आजच कुणाला तरी सांगा. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

पुढच्या सोमवारी आम्ही दोघं शाखेत गेलो. सोबत सहा महिन्यांचं स्टेटमेंट, पगार अडकल्याचं कंपनीचं पत्र आणि दरमहा किती झेपेल तो आकडा लिहिलेला अर्ज. ‘जमेल तेवढं भरतो’ असं मोघम बोलू नका, आकडा सांगा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घ्या. आमची ती प्रत आता त्याच ड्रॉवरमध्ये सगळ्यात वर असते.