अनवट अल्बम डाउनलोड करून जमवताय? या चुका टाळा

गाजलेल्या अल्बमच्या बाबतीत हातून चूक झाली तर ती निस्तरायला हजारो लोक असतात. गाण्याचं नाव चुकलं तर सॉफ्टवेअर ओळखून दुरुस्त करतं, फाइल गेली तर दुसरीकडून मिळते. दोन-तीनशे प्रतींची कॅसेट निघाली आणि पुढे कुणीतरी ती डिजिटल केली, अशा अल्बमला हा आधार नसतो. तिथली चूक तशीच राहते आणि काही वर्षांनी तुम्हालाही तीच खरी माहिती वाटू लागते. म्हणून आपण नेमकं काय विकत घेतोय हे ओळखणं आणि आलेली फाइल जशीच्या तशी टिकवणं, या दोन कामांत ढिलाई नको.

टॅगच्या भरवशावर शोधणं

बँडकॅम्पसारख्या, कलाकारांकडून थेट संगीत विकत घेता येणाऱ्या सेवेवर 'ॲम्बियंट', 'फोक', 'एक्सपेरिमेंटल' हे टॅग, म्हणजे संगीतप्रकाराच्या चिठ्ठ्या, कलाकार किंवा लेबल (अल्बम काढणारी कंपनी) स्वतःच लावतात. त्यातून यादी विक्रीच्या क्रमाने लावली, की वर तेच ते अल्बम येत राहतात. अनवट संगीताकडे नेणारी खरी वाट श्रेयनामावलीतून जाते. बास कुणी वाजवला, ध्वनिमुद्रण कुठल्या स्टुडिओत झालं, मास्टरिंग (ध्वनिमुद्रणावरचा शेवटचा हात) कुणाचं, लेबल कोणतं, ही नावं उचला आणि एकेक करून शोधा. लहान लेबलांचे कॅटलॉग क्रमांक, म्हणजे लेबलने आपल्या अल्बमना दिलेले अनुक्रमांक, तर फारच कामाचे. आवडलेल्या अल्बमचा क्रमांक १४ असेल, तर १३ आणि १५ ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण लहान लेबलची निवड बहुधा एकाच माणसाच्या कानाने झालेली असते.

दुसरी वाट खरेदीदारांची. बँडकॅम्पवर अल्बमच्या पानावर तो विकत घेतलेल्यांची छोटी चित्रं दिसतात. त्यांवर क्लिक केलं की त्या माणसाचा संग्रह उघडतो. एक अल्बम सारखा निघाला तर तो योगायोग समजा. तीन अनोळखी अल्बम जुळले, तर त्याचा संग्रह सावकाश, शेवटच्या पानापर्यंत चाळा.

अर्ध्या मिनिटाचा नमुना ऐकून ठरवणं

काही सेवा खरेदीआधी फक्त अर्ध्या मिनिटाचा तुकडा ऐकवतात. २० मिनिटांच्या रचनेबद्दल त्यातून काहीच कळत नाही. पूर्ण ऐकायची सोय असेल तर पहिलं, मधलं आणि शेवटचं गाणं ऐका. शेवटचं मुद्दाम, कारण पुनर्प्रकाशनात जोडलेली जादाची गाणी तिथेच असतात आणि कधीकधी ती भलत्याच, हलक्या दर्जाच्या टेपवरून घेतलेली असतात.

एका नावाचे दोन कलाकार

या क्षेत्रातली ही सगळ्यात सहज होणारी चूक. एकाच नावाचे दोन-तीन बँड निरनिराळ्या देशांत आणि दशकांत होऊन गेलेले असतात, आणि सेवा त्यांचे सगळे अल्बम एकाच पानावर कोंबते. अशा वेळी डिस्कॉग्ज हा अल्बमच्या नोंदींचा ऑनलाइन कोश बघा. तिथे सारख्या नावांपुढे कंसात क्रमांक देऊन कलाकार वेगळे केलेले असतात. म्युझिकब्रेन्झ हे असंच दुसरं कोश-संकेतस्थळ प्रत्येक कलाकाराला स्वतंत्र ओळखक्रमांक देतं आणि गरज पडेल तिथे नावाशेजारी एका ओळीची ओळखही लिहितं. लेबल, देश, काळ आणि साथीदार या चारपैकी निदान दोन गोष्टी जुळल्याशिवाय दोन अल्बम एकाच कलाकाराचे मानू नका.

वर्षाचाही असाच घोळ होतो. १९७८चं ध्वनिमुद्रण २०१६मध्ये अपलोड झालं, तर पानावर २०१६ दिसू शकतं आणि फाइलमधल्या टॅगमध्येही (गाण्यासोबत साठवलेल्या माहितीत) तेच उतरतं. तळाची हक्कांची ओळ वाचा. वर्तुळातल्या 'पी'पुढचं वर्ष ध्वनिमुद्रणाच्या हक्काचं असतं, तर वर्तुळातल्या 'सी'पुढचं मुखपृष्ठ आणि मजकुराच्या हक्काचं. मात्र नव्याने मास्टर केलेल्या आवृत्तीवर कधीकधी 'पी'चं वर्षही नवंच टाकतात, म्हणून ते डिस्कॉग्जवरच्या मूळ आवृत्तीशी पडताळा. टॅगमध्ये मूळ वर्ष आणि या आवृत्तीचं वर्ष अशा दोन वेगळ्या नोंदी ठेवा.

ज्याचा हक्क नाही त्याच्याकडून घेणं

जुन्या तबकड्यांवरून कॉपी करून परवानगीशिवाय विकणारी पानं असतात. एकाच पानावर एकमेकांशी संबंध नसलेले चाळीस कलाकार, श्रेयनामावली नाही, मुखपृष्ठ म्हणजे मोबाइलवर काढलेला तिरका फोटो, आणि गाणं सुरू होताच सुई टेकल्याचा खट्ट आवाज. रीतसर पुनर्प्रकाशन करणारं लेबल हक्क कुणाकडून घेतले ते बहुधा लिहितं. हक्क नसलेल्या पानावर दिलेले पैसे वाजवणाऱ्यापर्यंत पोचत नाहीत, आणि पान उतरवलं गेलं की पुन्हा डाउनलोड करण्याची वाटही बंद होऊ शकते.

फक्त एमपी३ घेणं

फोनवर तर ऐकायचंय, मग एमपी३ पुरे, असं वाटतं. पण फ्लॅक, म्हणजे आवाज न गमावता लहान केलेली फाइल, असेल तर तिच्यावरून एमपी३ कधीही करता येतं. उलट दिशेने, एमपी३ करताना गेलेला आवाज परत येत नाही. बँडकॅम्पवर फॉरमॅट डाउनलोडच्या वेळी निवडता येतो आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. ४० मिनिटांचा अल्बम सीडीच्या दर्जात, म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झला, वेव्ह फाइलमध्ये साधारण ४२० एमबी होतो. फ्लॅकमध्ये तो सहसा २०० ते ३०० एमबीत बसतो, सेकंदाला ३२० किलोबिटच्या एमपी३मध्ये सुमारे ९६ एमबी. फ्लॅकच्या ० ते ८ या पातळ्या फक्त आकार आणि वेळ बदलतात, आवाज तोच राहतो. कॅसेटवरून आलेल्या अल्बमसाठी २४ बिटांचा हट्टही सोडा. कॅसेटची स्वतःची खरखर १६ बिटांच्या मर्यादेपेक्षा कितीतरी वर असते.

फ्लॅक नाव असलं म्हणजे आत फ्लॅकच्या दर्जाचा आवाज असतोच असं नाही. कुणीतरी जुनं एमपी३ फ्लॅकमध्ये बदलून चढवलेलं असू शकतं. स्पेक या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल टाका. आडवा वेळ, उभी कंपनसंख्या आणि तीव्रतेप्रमाणे रंग, असं चित्र उमटतं. १२८ किलोबिटच्या एमपी३वरून आलेल्या फाइलमध्ये १६ किलोहर्ट्झच्या आसपास पट्टीने कापल्यासारखी सरळ रेघ दिसते आणि तिच्या वर काळोख. मात्र घाई करू नका. जुन्या टेपवरही वरचे स्वर कमीच असतात, पण तिथे रंग वर जाता जाता हळूहळू विरतो, मध्येच तुटत नाही. संशय पक्का झाला तर चित्र जोडून लेबलला सभ्यपणे कळवा. अनेकदा त्यांनाही ठाऊक नसतं आणि ते मूळ फाइल नव्याने चढवतात.

डाउनलोड झालं म्हणजे काम झालं असं समजणं

अल्बम बहुतेकदा झिप फाइलमध्ये येतो. जोडणी मध्येच तुटली तर झिप उघडत नाही, किंवा उघडते पण शेवटचं गाणं अर्धवट असतं. सेवा आकार दाखवत असेल तर तो आधी जुळवा, मग उघडा. फ्लॅक फाइल बनवतानाच मूळ आवाजाची एमडी५ बेरीज, म्हणजे त्यावरून काढलेला पडताळणीचा आकडा, तिच्यात नोंदवलेली असते. फूबार२००० या प्लेअरमधून किंवा फ्लॅकच्या स्वतःच्या प्रोग्रॅममधून अखंडतेची चाचणी केली की ती बेरीज पुन्हा मांडून ताडली जाते. अख्खा अल्बम तपासायला थोडाच वेळ लागतो, आणि तो खरेदीच्याच दिवशी तपासावा.

विंडोजवर 'फाइल उघडता येत नाही' असं आलं तर दर वेळी झिपला दोष देऊ नका. या संगीतात गाण्यांची नावं दोन-दोन ओळींची असतात, आणि फोल्डरसकट पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला की अनेक प्रोग्रॅम अडतात. झिप थेट ड्राइव्हच्या मुळाशी, छोट्या नावाच्या फोल्डरमध्ये उघडा. विसर्गासारखी दोन टिंबं, प्रश्नचिन्ह आणि तिरकी रेघ ही चिन्हं विंडोजला फाइलच्या नावात चालत नाहीत, म्हणून ती बदलून येतात. मूळ नाव टॅगमध्ये आहे ना ते बघा आणि तेच प्रमाण माना.

टॅग आपोआप भरू देणं

म्युझिकब्रेन्झचा पिकार्ड हा टॅग भरणारा प्रोग्रॅम उत्तम आहे, पण तुमचा अल्बम त्या कोशात नसेल तर तो नाव आणि लांबीवरून जवळचा दुसरा अल्बम सुचवतो. मान्य केलं की बरोबर असलेले टॅग चुकीच्या टॅगांखाली गाडले जातात. गाण्यांची संख्या आणि प्रत्येकाची लांबी दोन-तीन सेकंदांच्या फरकाने जुळली तरच जतन करा. कोशात अल्बम नसेल तर माहिती तुम्हीच भरा. पुढचा शोधणारा तिथेच येणार आहे.

अठरा कलाकारांच्या संकलनाचे प्लेअरमध्ये अठरा अल्बम दिसत असतील, तर 'अल्बम आर्टिस्ट' हा रकाना रिकामा आहे. सगळ्या गाण्यांत तिथे एकच नाव टाका, 'कलाकार' या रकान्यात मात्र ज्याचा त्याचा कलाकार ठेवा. नावं परक्या लिपीत असतील तर ती पुसून रोमन करू नका. मूळ नाव तसंच ठेवून उच्चार क्रमवारीच्या रकान्यात लिहा, नाहीतर पुढे त्या नावाने शोधच घेता येणार नाही.

सलग चालणाऱ्या मैफलीत दोन गाण्यांच्या मध्ये बारीक खंड येतो का? एमपी३ बनवताना सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरली जाते, त्यातून तो येतो. लेमसारखे एन्कोडर, म्हणजे एमपी३ बनवणारे प्रोग्रॅम, ही भर किती ते फाइलमध्ये नोंदवतात, पण ती नोंद वाचणारा प्लेअर लागतो. फ्लॅकमध्ये ही भर नसतेच.

सेवेला कपाट समजणं

मायस्पेस या जुन्या समाजमाध्यमाने २०१९मध्ये मान्य केलं की सर्व्हर बदलताना २०१५पर्यंत चढवलेलं संगीत नष्ट झालं. त्यात अशा कितीतरी हौशी बँडचं काम होतं, ज्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. तुमच्या खात्यातलं 'पुन्हा डाउनलोड करा' हे बटणही सेवा आणि लेबल दोघं टिकले तरच चालतं. म्हणून तीन प्रती ठेवा, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असू द्या आणि एक घराबाहेर ठेवा. अल्बमच्या पानावरचा मजकूर, म्हणजे कुणी काय वाजवलं, कुठे मुद्रित झालं, झिपमध्ये सहसा येत नाही. तो खरेदीच्याच दिवशी साध्या मजकूर फाइलमध्ये उतरवून अल्बमच्या फोल्डरमध्ये टाका. सोबत पावतीचा ईमेल आणि मुखपृष्ठाचं मोठं चित्रही ठेवा. वर्षातून एकदा घराबाहेरच्या प्रतीवर तीच एमडी५ची चाचणी चालवा, आणि नापास झालेली फाइल दुसऱ्या प्रतीवरून लगेच बदला.