सगळे कंटेनर अप, साइट मात्र आडवी: या चुका टाळा

एनजिनेक्स (बाहेरून आलेली विनंती ॲपकडे पोचवणारा वेब सर्व्हर), ॲप आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) या तिघांचं बिऱ्हाड, प्रत्येकाला आपापला कंटेनर म्हणजे वेगळी खोली देऊन, डॉकर कंपोजच्या एका फाइलीत मांडणं आता कोणालाही जमतं. मग फोन येतो, "सर, सगळे कंटेनर अप दाखवतायत, पण साइट उघडत नाहीये." मी विचारतो, लॉग काय म्हणतोय? पलीकडे शांतता. मग हळूच, "लॉग नाही बघितला, पण तीनदा डाउन करून परत अप केलंय."

या 'डाउन करून परत अप'ने मला एकदा चांगलंच पोळलंय, म्हणून आधी तेच.

एका मंगल कार्यालयाची बुकिंगची साइट आम्ही सांभाळत होतो. एका शुक्रवारी संध्याकाळी आमच्या नव्या पोराने एन्व्ह फाइलीत (सेटिंग्जची फाइल) डेटाबेसचा पासवर्ड बदलला. तसं मीच सांगितलं होतं. ॲप उठेना, लॉगमध्ये एकच रडगाणं, पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड. पोराने ती ओळ इंटरनेटवर टाकली, कोणीतरी दिलेला उपाय उचलला आणि कंपोज डाउनला मायनस व्ही लावून पुन्हा अप केलं. एरर गेली. साइट उघडली. पोरगं खूश होऊन घरी गेलं.

शनिवारी सकाळी मालकांचा फोन. "अहो, मे महिन्यातले सगळे मुहूर्त रिकामे दाखवतंय! आणि एकाच तारखेला दोघांनी बुकिंग केलंय."

झालं होतं असं. पोस्टग्रेसच्या इमेजला (ज्या साच्यातून कंटेनर उभा राहतो तो) दिलेला पासवर्ड फक्त पहिल्यांदा, डेटाची डिरेक्टरी रिकामी असतानाच वापरला जातो. नंतर एन्व्हमध्ये काहीही लिहा, आतला पासवर्ड जुनाच राहतो. मायनस व्हीने व्हॉल्यूमच, म्हणजे डेटा ठेवायची जागाच, उडवली, डिरेक्टरी रिकामी झाली आणि नवा पासवर्ड अर्थातच चालला. वर ॲपने उठताना मायग्रेशन चालवून कोरी टेबलं मांडली, त्यामुळे कुठे साधी एररही दिसेना. आमचा शेवटचा धड डंप (डेटाबेसची काढून ठेवलेली प्रत) नऊ दिवसांपूर्वीचा. त्यानंतरच्या बुकिंगसाठी मालकांनी पावतीपुस्तकाच्या पानांचे फोटो पाठवले आणि आम्ही दोघं रविवारी रात्रीपर्यंत ते टाइप करत बसलो. पोराला मी रागावलो नाही. डंपवाला क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) बंद पडलाय हे माझ्याच लक्षात आलं नव्हतं.

खरा उपाय दोन मिनिटांचा होता. डेटाबेसच्या कंटेनरमध्ये एक्झेकने शिरायचं, पीएसक्यूएल उघडायचं आणि ऑल्टर यूझरने पासवर्ड बदलायचा. अधिकृत इमेजची सेटिंग बदललेली नसेल, तर आतून जाताना जुना पासवर्डही विचारत नाही. माझी तेव्हापासूनची सवय अशी: प्रॉडक्शनचा व्हॉल्यूम हाताने तयार करतो आणि कंपोजमध्ये त्याला एक्सटर्नल लिहितो, म्हणजे मायनस व्ही त्याला शिवत नाही. आणि कशालाही हात लावण्याआधी पीजी डंप काढून माझ्या मशीनवर आणतो, उघडून बघतो. शून्य बाइटचा डंप मी पाहिलाय.

दुसरी माझी आवडती चूक म्हणजे डिप्लॉयनंतरचा, म्हणजे नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवल्यानंतरचा, ५०२. नवी इमेज आली, फक्त ॲपचा कंटेनर नव्याने उभा केला, आणि एनजिनेक्स म्हणतोय बॅड गेटवे. ॲप तर आत व्यवस्थित चालतंय! साध्या कॉन्फिगमध्ये एनजिनेक्स अपस्ट्रीमचं, म्हणजे मागच्या ॲपचं, नाव सुरू होताना एकदाच विचारतो आणि मिळालेला आयपी धरून बसतो. नव्या कंटेनरला वेगळा आयपी मिळाला की हा जुन्याच पत्त्यावर दार वाजवत राहतो. गंमत म्हणजे बरेचदा तोच आयपी परत मिळतो, म्हणून आठ डिप्लॉय सुखरूप जातात आणि नववा ऐन गर्दीत झोपवतो. लोक मग ॲपच्या कोडमध्ये बग शोधतात.

रिझॉल्व्हर (नावावरून आयपी सांगणारा) म्हणून डॉकरचा १२७.०.०.११ देऊन प्रॉक्सी पासमध्ये (विनंती कुठे पाठवायची ती ओळ) नाव व्हेरिएबलमधून घालता येतं. मग पत्ता पुन्हा पुन्हा विचारला जातो. पण तसं केलं की प्रॉक्सी पासमधल्या पाथचं वागणं बदलतं, आणि ते निस्तरण्यात अर्धा दिवस जातो. मी डिप्लॉयच्या स्क्रिप्टमध्ये शेवटची ओळ एनजिनेक्स रीलोडची ठेवतो. गावठी आहे, पण चालतं.

बाकीच्या पटापट सांगतो. ॲपच्या कंटेनरमधून डेटाबेसला लोकलहोस्ट म्हणू नका. तिथे लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. सर्व्हिसचं नाव लिहा. उलट बाजूने, ॲप आत १२७.०.०.१ वर ऐकत बसलं तर प्रॉक्सीला, म्हणजे एनजिनेक्सला, ते दिसणार नाही, ०.०.०.० वर ऐकवा.

नुसतं डिपेंड्स ऑन लिहिलं की कंपोज डेटाबेसचा कंटेनर सुरू होण्यापुरतं थांबतं, तो तयार होईपर्यंत नाही. पीजी इझरेडीची (डेटाबेस तयार आहे का ते विचारणारी कमांड) हेल्थचेक लावा आणि सर्व्हिस हेल्दीची अट घाला. स्लीप दहा लिहिणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

पोस्टग्रेसच्या इमेजला लेटेस्ट टॅग नको. एके दिवशी मेजर व्हर्जन बदलतं आणि तो जुन्या फाइली उघडायला नकार देतो.

पोर्ट्सखाली ५४३२:५४३२ लिहून 'यूएफडब्ल्यू (फायरवॉल) लावलंय ना' म्हणणाऱ्यांनो, डॉकर आयपीटेबल्समध्ये (लिनक्सची नेटवर्क नियमांची यादी) स्वतःचे नियम घालतो आणि तुमचा यूएफडब्ल्यू बाजूलाच राहतो. ॲपला ती ओळ लागतच नाही, काढून टाका. लॅपटॉपवरून बघायचंच असेल तर त्या पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लावा आणि एसएसएच टनेलने या.

आणि फाइल अपलोड होताना ४१३ (फाइल फार मोठी आहे) आला, तर एनजिनेक्सची क्लायंट मॅक्स बॉडी साइज वाढवा. मुळात ती १ एमबीच असते. त्या कार्यालयाच्या मालकांनी महिनाभर हॉलचे फोटो आधी स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून लहान करून मग साइटवर चढवले होते. आम्हाला कळलं ते त्या पावत्यांच्या रविवारी.