बिटाचं एक बी, तीन रोपं
बिटाचं बी हातात घेऊन नीट पाहा. मिऱ्यासारखं दिसतं, पण जास्त खडबडीत. तो एक दाणा नसतोच, दोन-चार बियांचा चिकटलेला गुच्छ असतो. म्हणून एका जागी तीन-तीन कोंब फुटतात. आणि इथेच आपण फसतो: एवढी छान उगवली, काढायची कशी? पहिल्या वर्षी माझाही जीव झाला नाही. फेब्रुवारीत हाती आली ती बोटाएवढी मुळं. रोपं 2 इंचांची झाली की एका जागी एकच ठेवा, बाकीची कात्रीने बुडाशी कापा. उपटली तर शेजारचंही हलतं. कापलेली कोवळी पानं खुशाल डाळभाजीत टाका.

नागपुरात पेरणी दसरा उलटल्यावर, नोव्हेंबरपर्यंत. बी रात्रभर भिजवून अर्धा इंच खोल, 4 इंचांवर टाका. वावरातली काळी माती तशीच भरू नका. वाळली की दगड होते, कंद वेडावाकडा वाढतो. निम्मी माती, बाकी रेती आणि चांगलं कुजलेलं शेणखत. युरिया नकोच, नुसता पाला माजतो. पाणी थोडं, पण नेमानं. कोरडं ठेवून एकदम भरपूर दिलं की कंद तडकतो.

60-70 दिवसांत कंदाचे खांदे मातीवर दिसू लागतात. मोठ्या लिंबाएवढा झाला की काढा. मार्चच्या उन्हापर्यंत ठेवलात तर दोरे चावत बसाल. पानं कापताना दोन बोटं देठ राहू द्या, नाहीतर उकडताना सगळा रंग पाण्यात.