जी६पीडीची कमतरता: घराण्याचा आलेख कसा वाचावा

जी६पीडी हे तांबड्या रक्तपेशींना जपणारे विकर (एन्झाइम) आहे; ते कमी असले, तर काही औषधांनी वा रसायनांनी या पेशी फुटतात. प्रायमाक्विन हे हिवतापाचे औषध घेतल्यानंतर किंवा कपाटातील डांबरगोळ्यांशी संपर्क आल्यानंतर एखाद्या मुलाची लघवी काळ्या चहासारखी झाली आणि डोळे पिवळे पडले, तर आधी डॉक्टरांना गाठावे; घराण्याचा आलेख, म्हणजे कुटुंबात दोष कोणाकोणात आहे याचे चित्र, नंतर. तो काढताना पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ काढावे आणि शोध आईच्या बाजूने, म्हणजे मामा व आजोबांपासून सुरू करावा, कारण या विकराचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलग्याला ते आईकडूनच मिळते. वाहक, म्हणजे दोनपैकी एका एक्सवर दोष असलेल्या, आईच्या प्रत्येक मुलग्याला दोष मिळण्याची शक्यता ५० टक्के असते, तर बाधित पित्याचा दोष सर्व मुलींकडे जातो, मुलग्यांकडे मात्र जात नाही.

वाहक स्त्रीबाबत घाई करू नये. तिच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स कार्यरत असल्याने रक्तात निरोगी व सदोष पेशींचे मिश्रण असते, आणि केवळ होय-नाही सांगणारी चाचणी तिला सहज निर्दोष ठरवते; म्हणून विकराचे प्रमाण मोजणारी चाचणी मागावी. रक्तपेशी नुकत्याच फुटल्या असतील, तर नव्या पेशींतील भरपूर विकरामुळे निकाल फसवा येतो, त्यामुळे सुमारे तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करावी.



आई-वडील दोघेही निरोगी असून मुलगे व मुली सारखेच बाधित दिसल्यास पायरुवेट कायनेज या रक्तपेशींतील दुसऱ्या विकराच्या कमतरतेचा विचार करावा; तिच्यात दोन्ही पालकांकडून सदोष प्रत यावी लागते.